भग्न चर्चमधील वाद्यवृंद

युरोपीय वाद्यवृंदात साठ-सत्तर वादक अर्धवर्तुळात बसलेले असतात. व्हायोलिन, बासरी, तुतारी, नगारे अशी नाना वाद्ये त्यांच्यापाशी असतात. त्यांच्यासमोर एक गृहस्थ उभा असतो. त्याच्या हाती वाद्य नसते. असते ती केवळ एक लहानशी कांडी. कोणी केव्हा वाजवावे, किती हळू, किती जोराने, हे तो तिच्या खुणांनी सांगतो. हा वृंदसंचालक. गवई एकटा गाऊ शकतो. वृंदसंचालकास मात्र माणसे लागतात. हर्बर्ट झिपर यांनी ही माणसे कोठे कोठे मिळविली, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

झिपर यांचा जन्म १९०४ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. संगीताचे शिक्षण तेथेच घेऊन १९३१ पासून ते जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे शिकवू लागले. पण १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना व्हिएन्नास परतावे लागले. पुढे मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रियाही गिळंकृत केला. मे महिन्यात झिपर यांना पकडून म्यूनिकजवळील दाखाऊ येथील छळछावणीत नेण्यात आले.

तेथे कैद्यांकडून पशूंसारखे काम करून घेत. झिपर सिमेंटच्या गाड्या ओढीत. रात्री थकलेल्या सोबत्यांना ते जर्मन कवींच्या तोंडपाठ असलेल्या कविता म्हणून दाखवीत. हळूहळू त्यांना कैद्यांमध्ये काही वादक आढळले. सुतारकाम जाणणाऱ्या कैद्यांनी चोरून आणलेल्या लाकडाची ओबडधोबड वाद्ये घडविली. वाजवावयास छापील संगीत कोठले? ते झिपर स्वतःच रचीत. रविवारी दुपारी, वापरात नसलेल्या एका शौचगृहात, हा वाद्यवृंद पंधरा-एक मिनिटे वाजे. वादक चौदाच्या आसपास, श्रोते जेमतेम वीस-तीस! पहारेकऱ्यांस सुगावा लागता तर काय घडले असते, हे सांगावयास नको.

छावणीच्या दारावर श्रमाने मुक्ती मिळते, अशा अर्थाची अक्षरे होती. त्या दारातून गाडी ओढता ओढता, युरा सॉयफर या तरुण कवीने एक गीत रचले. झिपर यांनी त्यास मनातल्या मनातच चाल लावली आणि ती सोबतच्या वादकांना तोंडी शिकविली. कागदावर काहीच नव्हते. मग झडतीत सापडणार काय? कैदी एका छावणीतून दुसरीत जात, तसे ते गीतही त्यांच्या ओठांवरून जाऊ लागले. सॉयफर मात्र फेब्रुवारी १९३९ मध्ये बूखेनवाल्डच्या छावणीत विषमज्वराने वारला. त्याचे वय होते अवघे सव्वीस वर्षांचे.

त्याच महिन्यात कुटुंबीयांच्या खटपटीने झिपर सुटले. त्यांची वाग्दत्त वधू ट्रुडल ही नर्तकी फिलिपाइन्समधील मनिला शहरी होती. तेथील वाद्यवृंदास नवा संचालक हवा होता. झिपर तेथे गेले, विवाह झाला, काम जोरात सुरू झाले. तोच १९४२ च्या आरंभी जपानी सैन्य मनिलात शिरले. झिपर यांना पुन्हा तुरुंग पाहावा लागला आणि वाद्यवृंद बंद पडला.

१९४५ च्या फेब्रुवारीत मनिलासाठी घनघोर लढाई झाली. सुमारे १,००,००० नागरिक मेले. शहर मातीस मिळाले. मे महिन्यात झिपर यांनी उरलेले वादक जमवून सांताक्रूझ चर्चच्या भग्नावशेषांत मैफल केली. त्यांनी दोन सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचना, निवडल्या. पहिली बेथोव्हनची ‘एरोइका’. तिच्या दुसऱ्या भागात शोकयात्रेची मंद चाल आहे. ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी गेले होते, त्यांना ती कशासाठी, हे कोणी समजावून सांगावे लागले नसेल. दुसरी द्वोर्झाकची ‘नव्या जगातून’. बोहेमियातून अमेरिकेत संगीत शिकवावयास गेलेल्या या संगीतकाराने १८९३ मध्ये ती तेथेच पूर्ण केली होती.

पुढच्याच वर्षी झिपरही अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क व शिकागोजवळचे विनेट्का येथे त्यांनी अनेक वर्षे वाद्यवृंद चालविले, संगीत शिकविले. मनिलास ते विसरले नाहीत. सुटीत तेथे जाऊन पुनःपुन्हा वाद्यवृंद उभा करीत.

१९७२ साली, बहुतेक माणसे विश्रांती घेतात त्या वयात, ते लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठातील संगीत शिक्षकाकडे विद्यार्थी आपण होऊन येतात. झिपर यांना तेवढ्याने समाधान नव्हते. ते वादकांना घेऊन शहरातील गरीब वस्त्यांतील शाळांत जात आणि मुलांसमोर वाद्यवृंद वाजवून दाखवीत. ऐंशी वर्षे उलटली तरी हे काम थांबले नाही. एप्रिल १९९७ मध्ये, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास थोडेच दिवस उरले असता, सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले.