भाकरीला इंग्रजीत काय म्हणावे? : अन्न, चालीरीती आणि प्रवास यांच्या वाचनातून इंग्रजीचा अभ्यास

आठवीच्या वर्गाला मी एकदा 'माझा आवडता पदार्थ' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. वह्या तपासताना आढळले की, निम्म्याहून अधिक मुलांनी पिझ्झ्यावर लिहिले आहे. त्यांतील बहुतेकांनी तो पदार्थ केवळ चित्रात पाहिलेला होता. एका वहीत मात्र पहिल्या ओळीत रोमन लिपीत 'भाकरी' असे लिहून त्यावर रेघ ओढली होती, शेजारी 'ब्रेड' असा शब्द लिहिला होता, आणि पुढच्या नऊ ओळी पुन्हा पिझ्झ्याच्याच होत्या. त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, भाकरीला इंग्रजीत शब्दच नाही ना."

त्याच्या दहा ओळींत व्याकरणाच्या चुका फारशा नव्हत्या. तरीही ते उत्तर मला अनेक दिवस अस्वस्थ करीत राहिले. आपण जे रोज खातो ते इंग्रजीत सांगता येत नाही, अशी ज्या मुलाची समजूत झाली, तो इंग्रजीत आयुष्यभर दुसऱ्याच्याच घरातील गोष्टी सांगत राहणार. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका रेघेविषयी, आणि ती पुसण्यासाठी पुढे वर्गात जे काही करून पाहिले त्याविषयी, माजी विद्यार्थ्यांशी आणि पालकांशी बोलावे असे वाटते.

'मुलाचे इंग्रजी सुधारण्यासाठी त्याला काय वाचावयास द्यावे?' हा प्रश्न पालक दरवर्षी विचारतात. माझे उत्तर आता ठरून गेले आहे. खाणेपिणे, चालीरीती आणि प्रवास यांविषयीचे साधे लेखन द्यावे. अपरिचित भाषेत अपरिचित विषय वाचणे म्हणजे अंधारात अनोळखी वाट तुडवणे होय. विषय ओळखीचा असेल, तर चार शब्द अडले तरी वाक्य अडत नाही. कांदा तेलात टाकल्यावर पुढे काय होते, हे मुलाला ठाऊक असते. म्हणून त्या जागी आलेल्या नव्या क्रियापदाचा अर्थ तो शब्दकोश न उघडता ओळखतो, आणि असा स्वतः ओळखलेला शब्द सहसा विसरत नाही.

पाककृतीचेच उदाहरण घेऊ. मराठीत उपपदे नाहीत. आपण 'एक कांदा घ्या, कांदा चिरा' असे म्हणतो आणि कोणाचेही काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र 'टेक अ‍ॅन अनियन' या वाक्यानंतर 'चॉप द अनियन' असेच यावे लागते. पहिल्या वाक्यात कांदा कोणताही चालतो. दुसऱ्या वाक्यात तो आपल्या पाटावर आलेला, ठरलेला कांदा असतो. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांचे नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहून दिले, मुलांनी ते पाठही केले, आणि निबंधात पुन्हा त्याच चुका केल्या. चार पाककृती वाचून झाल्यावर मात्र वर्गातील एका मुलाने आपण होऊन सांगितले की, 'द' म्हणजे आधी भेटलेला. व्याकरणकाराला ही व्याख्या अपुरी वाटेल. आठवीतल्या मुलाला ती पुष्कळ दूरवर पुरते.

मोजता येणारी आणि न येणारी नामेही येथेच भेटतात. कांदे दोन असतात, मीठ दोन नसते. म्हणून इंग्रजीत मिठामागे 'अ पिंच ऑफ' येते. आपण चिमूटभर म्हणतो. 'हँडफुल' म्हणजे आपले मूठभर. ओंजळभर आणि पसाभर यांना इंग्रजीत तसा सुटसुटीत एक शब्द नाही, हे कळल्यावर मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. 'अनटिल' या शब्दाची गंमत निराळी आहे. मराठीत आपण 'कांदा लाल होत नाही तोपर्यंत परता' असे सहज म्हणतो, आणि त्यातील 'नाही' मुले इंग्रजीत घेऊन जातात. इंग्रजीत नकार 'अनटिल'च्या पोटातच असतो. आणखी एक घातला की अर्थ उलटा होतो. ही चूक पदवीधरांच्या अर्जांतही मी पाहिली आहे. कढईसमोर उभे करून समजावली, तर ती कायमची जाते.

क्रियापदांच्या बाबतीत दोन भाषांचे स्वभाव स्पष्ट दिसतात. आपण भाकरी भाजतो, वांगे भाजतो, शेंगदाणे भाजतो आणि बेकरीवाला पाव भाजतो. मराठीला एक 'भाजणे' पुरते. इंग्रजीत बंद भट्टीतले 'बेक', कोरड्या कढईतले 'रोस्ट', जाळीवरचे 'ग्रिल' आणि कापलेल्या पावाचे 'टोस्ट' अशी वेगवेगळी घरे आहेत. उलट शेतातील साळ, पोत्यातील तांदूळ आणि ताटातील भात या तिघांना इंग्रज एकाच 'राइस'मध्ये कोंबतो. साळीसाठी त्याने 'पॅडी' हा शब्द घेतला, तोही मलय भाषेतून. ज्या समाजाच्या हाताला जे काम अधिक, त्याची त्याच्या भाषेत बारकाई अधिक. एखाद्या गोष्टीला इंग्रजीत शब्द नसणे हे आपल्या गोष्टीचे उणेपण नसते, हे मुलांना मी येथेच प्रथम सांगू शकलो.

चालीरीती आणि इतिहास शब्दांतच दडलेले असतात. कुरणात चरणारी मेंढी इंग्रजीत 'शीप' असते आणि ताटात येताच 'मटण' होते. डुकराचे 'पिग' ताटात 'पोर्क' होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. जनावरे राखणाऱ्यांचे शब्द इंग्रजी राहिले, आणि जेवणाऱ्या धन्यांचे फ्रेंच शब्द मांसाला चिकटले. कष्ट करणारा आणि खाणारा यांच्या भाषा वेगळ्या पडतात, हे आपल्या मुलांना निराळे समजावून सांगावे लागले नाही. (आपल्याकडे मटण म्हटले की बहुधा बोकडाचे, इंग्लंडमध्ये ते मेंढीचे. प्रवासाला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.)

शब्दांचा प्रवास तर नकाशावर रेघा ओढून शिकवावा. आल्याला इंग्रजीत 'जिंजर' म्हणतात. पालीतील 'सिंगिवेर' आणि संस्कृतातील 'शृंगवेर' या शब्दांच्या नात्यातूनच तो ग्रीक आणि लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत पोहोचला आहे. 'शुगर'च्या मागे आपली शर्करा आहे, 'कँडी'च्या मागे खंड म्हणजे खडीसाखर. उलट दिशेने पोर्तुगीजांबरोबर बटाटा, पाव, काजू आणि अननस हे शब्द मराठीत आले. 'बटाटा' आणि 'पोटॅटो' या दोन्हींत कॅरिबियन बेटांवरचा रताळ्याचा जुना शब्द आहे. 'चिली' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतला, आणि ते पीकही अमेरिका खंडातले. ते आपल्याकडे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच येऊ शकले. म्हणजे ज्या ठेच्यावर आपण इतका हक्क सांगतो, त्यातली मिरची पाहुणी आहे. हे सांगितले त्या दिवशी भोजनगृहात वाढप करणाऱ्या मावशींना मुलांनी जेवण संपेपर्यंत ऐकवले.

घरी इंग्रजी येत नाही म्हणून अनेक पालक संकोचतात. त्याची गरज नाही. आईने किंवा आजीने मराठीत कृती सांगावी, मुलाने ती इंग्रजीत उतरवावी. जिथे शब्द अडेल तिथे मराठी शब्द तसाच ठेवावा आणि पुढे जावे. बिस्किटाच्या पुड्यावरील घटकांची यादी, रेल्वे स्थानकावरील मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पाट्या, तिकिटावरचा मजकूर हे सारे वाचनसाहित्यच आहे, आणि त्याला वेगळा खर्च नाही. दर शब्दाला शब्दकोश उघडू देऊ नये. त्याने वाचनाची चव जाते. एक परिच्छेद पुरा वाचावा, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने खूण करावी, आणि दुसऱ्या वाचनातही जे अडतील तेवढेच पाहावेत.

वरच्या वर्गांसाठी प्रवासवर्णने हवीत, आणि येथे आपल्या शाळेतील मुलांना एक विशेष वारसा लाभलेला आहे. चीनमधून भारतात आलेल्या बौद्ध भिक्खूंची वर्णने एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आली. फाहियानच्या वर्णनाचे जेम्स लेग यांनी केलेले भाषांतर १८८६ चे, ह्युएनत्संगच्या वर्णनाचे सॅम्युअल बील यांचे १८८४ चे, आणि इत्सिंगच्या ग्रंथाचे ताकाकुसू यांचे १८९६ चे. ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातील लोकांचा स्वभाव लिहून ठेवला आहे. उपकार करणाऱ्याशी हे लोक कृतज्ञ राहतात आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असे त्याचे निरीक्षण. ते वाचताना वर्गात हशा पिकतो. समुद्रमार्गे आलेला आणि नालंदेत अनेक वर्षे राहिलेला इत्सिंग मात्र माझा अधिक आवडता. जेवायला बसताना आसने कशी मांडावीत, हात-तोंड केव्हा धुवावे, दंतकाष्ठ कसे वापरावे, उष्टे कशाला म्हणावे, हे तो इतक्या बारकाईने सांगतो की, आमच्या वसतिगृहाचे नियम त्यानेच लिहिले असावेत असे मुलांना वाटते. या भाषांतरांची इंग्रजी जुन्या वळणाची आणि लांब वाक्यांची आहे. म्हणून संपूर्ण ग्रंथ हाती देऊ नये. निवडलेले एखादे पान शिक्षकाने बरोबर बसून वाचावे.

साध्या, स्वच्छ इंग्रजीतील प्रवासकथा हवी असेल, तर माझ्या दृष्टीने बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनपर लेखनाला तोड नाही. ते १९३५-३६ च्या सुमाराचे आहे आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात मिळते. पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. साताऱ्याहून काही मुले नवे कपडे घालून, आगगाडीत बसून, वडिलांच्या नोकरीच्या गावी सुट्टीसाठी निघतात. मसूर स्थानकावर त्यांना न्यावयास कोणी आलेले नसते. जात कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकावी या अटीवर. बरोबर जेवणाचा डबा आहे, पोटात भूक आहे. पाणी मात्र कोणी देत नाही, आणि त्यामुळे डबा तसाच राहतो.

या प्रसंगात गाडी, स्थानक, तिकीट, टोलनाका, दिवा, पाणी असे सारे मुलांच्या रोजच्या ओळखीचे शब्द आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर पूर्ण भूतकाळ शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही. मुलांनी आपण येत असल्याचे पत्र आधी पाठवले होते. ते आधीच पोहोचलेही होते. पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नव्हते. मुले स्थानकावर उतरली ती या साऱ्यानंतर. आधीची कृती 'हॅड'ने, नंतरची साध्या भूतकाळाने. कोणती गोष्ट आधी घडून गेली होती, हे ठरवताना वर्ग इतका शांत झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

त्या तासाला एकाने विचारले, "सर, व्हिसा परदेशात जायला लागतो ना? हे तर साताऱ्यातच होते." मी 'व्हिसा' या शब्दाचे मूळ सांगितले. लॅटिनमध्ये पाहिलेला, तपासलेला कागद असा त्याचा अर्थ. शीर्षकाचे स्पष्टीकरण मात्र मी दिले नाही. ते मुलांनी एकमेकांतच, थोडे इंग्रजीत आणि पुष्कळसे मराठीत, शोधले.

अन्न आणि प्रवास हे विषय पाठ्यपुस्तकात नेहमी आनंदाचे असतात. सहल, मेजवानी, सण. आपल्या घरांत त्यांच्या दुसऱ्याही आठवणी आहेत, आणि त्या आजोबा-आजींच्या तोंडून मुलांच्या कानी गेलेल्या असतात. त्या इंग्रजीत येऊ शकतात हे मुलाने एकदा पाहिले की, त्याची लेखणी मोकळी होते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये मराठीत आले. मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघरांतील, पाककृतींच्या पुस्तकांत कधी जागा न मिळालेले पदार्थ त्यात नोंदले आहेत. भूषण कोरगावकर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०२४ मध्ये 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने प्रसिद्ध झाले. मोठ्या मुलांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. कोणता शब्द भाषांतरकाराने बदलला, कोणता तसाच ठेवला, आणि का, हे शोधण्यात एक सुट्टी आनंदाने जाईल.

रेघ ओढणाऱ्या त्या मुलाने पुढच्या वर्षी, नववीत असताना, पुन्हा एक निबंध लिहिला. आजी पहाटे भाकरी कशी करते, एवढाच विषय. पीठ मळण्यासाठी 'नीड' आणि थापण्यासाठी 'पॅट' हे शब्द त्याने कुठून तरी शोधून आणले होते. तव्यावर पाणी फिरवण्याची क्रिया त्याला एका शब्दात सापडली नाही, म्हणून त्याने ती दोन वाक्यांत सांगितली होती. 'भाकरी' हा शब्द रोमन लिपीत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत होता. कोठे अवतरणचिन्ह नाही, अर्थ सांगणारा कंस नाही. मी लाल शाईने एकच दुरुस्ती केली. पाचव्या ओळीत भाकरी दुसऱ्यांदा आली होती, तिच्या आधी 'द' राहून गेला होता.