रान श्रीमंत, माती गरीब: हे कसं काय?

मैत्रिणींनो, चालू गटाची पेटी उघडली तर आत किती पैसे सापडतात? बहुतेक वेळा फार थोडे. पैसे असतात, पण ते फिरत असतात. एकीच्या शेळ्यांत, एकीच्या शिलाई मशीनमध्ये, एकीच्या मुलीच्या फीमध्ये. हप्ता आला की लगेच दुसरीला कर्ज. परका माणूस पेटी बघून म्हणेल, गट गरीब आहे. आपल्याला ठाऊक असतं की गटाची ताकद फिरणाऱ्या पैशात आहे, आणि परतफेड थांबली तर गट बसायला वेळ लागत नाही.

या वेळच्या पाठात मातीचा असाच हिशोब समजून घेऊ. त्यासाठी आधी सह्याद्रीच्या जंगलात जाऊ आणि मग खर्ड्याच्या शिवारात परत येऊ.

दगड एक, माती दोन

आपल्या बालाघाटाच्या डोंगररांगा आणि महाबळेश्वरचा डोंगर, दोन्ही एकाच काळ्या दगडाचे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, थरावर थर बसले आणि हा कातळ तयार झाला. त्याला बेसॉल्ट म्हणतात. मग माती वेगळी का? मुख्य कारण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्याची सरासरी 600 मिलिमीटरच्या आसपास.

आपल्याकडे दगड झिजला तेव्हा त्यातला चुना आणि बरीच अन्नद्रव्यं इथंच राहिली. चिकण माती झाली, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. घाटावर मात्र हजारो वर्षांच्या पावसानं अन्नद्रव्यं धुऊन नेली. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून ती माती लाल आणि आंबट. हेच घट्ट झालं की जांभा दगड होतो. कोकणातली घरं त्याच्या चिऱ्यांची असतात.

म्हणजे आपली काळी माती ही बँकेतल्या ठेवीसारखी आणि घाटावरची लाल माती रिकाम्या पेटीसारखी.

मग तिथलं जंगल कशावर उभं आहे?

कोयना, राधानगरी, आंबोली इथं बारमाही हिरवी जंगलं आहेत. त्यांना कुणी खत घालत नाही. तिथं अन्न साठलेलं असतं ते झाडांत, पानांत आणि खाली पडलेल्या पाचोळ्यात. पान गळलं की ओल आणि उबेमुळे बुरशी, वाळवी, किडे ते लवकर कुजवतात. वरच्या थरात पसरलेली बारीक मुळं ते अन्न लगेच उचलतात.

हे किती काटेकोर चालतं, ते नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन या संशोधकांनी व्हेनेझुएला देशातल्या ॲमेझॉनच्या जंगलात तपासलं. तिथं जमिनीवर मुळांची जाड गादीच असते. तिच्यावर त्यांनी ओळख पटेल असं कॅल्शियम आणि फॉस्फरस टाकलं आणि खाली किती झिरपतं ते मोजलं. 1978 साली त्यांनी निकाल छापला: 99.9 टक्के त्या गादीनंच धरून ठेवलं. हजार रुपयांच्या व्यवहारात एक रुपया गळावा, इतका पक्का हिशोब!

पण असं जंगल तोडून जाळलं की राखेवर एक-दोन पिकं बरी येतात आणि मग जमीन बसते. कारण ठेव मातीत नव्हतीच. ती झाडांत फिरत होती.

सडा: ज्याला कागदावर पडीक म्हणतात

सह्याद्रीच्या माथ्यावर सपाट कातळ असतात. त्यांना सडा म्हणतात. साताऱ्याजवळचं कास पठार त्यातलंच. माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. उन्हाळ्यात पाहिलं तर वाटेल, इथं काय उगवणार? पण पावसाळ्यात तिथं फुलांचे गालिचे होतात. फुलझाडांच्या सुमारे 850 जाती तिथं नोंदल्या आहेत. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत कास आहे.

या गरीब मातीत झाडांनी युक्त्या काढल्या आहेत. दवबिंदू नावाचं इवलं झाड चिकट थेंबांवर किडे पकडून खातं. सीतेची आसवं या निळ्या-जांभळ्या फुलांच्या झाडाला ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. मातीत मिळत नाही ते किड्यांकडून घ्यायचं!

डॉ. अपर्णा वाटवे यांनी अशा सड्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2013 साली त्यांनी उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा आढावा छापला. त्यांचं एक म्हणणं आपण लक्षात ठेवावं: असे कातळ 'पडीक' म्हणून गणले जातात, म्हणून खाण, रस्ता, पवनचक्की यांसाठी ते सहज दिले जातात. माती नाही म्हणजे काहीच नाही, असं धरलं जातं.

आपल्या मुरमाड माळाचंही असंच होतं. तो कास नाही, पण त्याच्यावर मारवेल आणि कुसळी उगवते, आपल्या शेळ्या चरतात, आणि त्यांची लेंडी शेतात येते. माळ पडीक दिसतो, पण तो आपल्याला खत देत असतो.

आपल्याकडे फेरा कुठं तुटतो?

जंगलात पान जिथं पडतं तिथंच कुजतं. आपण ज्वारी, उडीद, तूर काढतो. दाणा बाजारात जातो, कडबा जनावराला. इथपर्यंत ठीक. पुढं शेणाच्या गोवऱ्या होतात आणि चुलीत जातात. तुरीच्या काड्या आणि पऱ्हाट्या बांधावर पेटवतात. जळताना त्यातला कर्ब आणि नत्र धुरात जातो. शेताकडून घेतलेलं कर्ज असं परत न करताच बुडतं.

गोवऱ्या बंद करा, असं सांगणं सोपं आहे. सिलिंडर परवडत नाही तेव्हा चूल कशावर पेटवायची, हे आपल्यालाच ठाऊक. म्हणून जमेल तेवढंच धरू:

- बांधावर काडीकचरा पेटवायचा नाही. बारीक करून सरीत पसरायचा किंवा खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवायचा.
- तीन-चार मोठी जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार करायचा. त्याच शेणावर स्वयंपाक होतो आणि रबडी शेताला मिळते.
- पीक निघाल्यावर रानात मेंढरं बसवायची जुनी पद्धत मोडू द्यायची नाही.

करून पाहा

बांधावरच्या लिंबाखालचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि शेताच्या मधलं एक. दोन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन्ही हळूच सोडा. कोणतं लवकर विरघळतं? पाचोळा कुजतो तिथलं बहुधा जास्त टिकतं. कुजलेला पाला मातीचे कण बांधून ठेवतो.

मग माती तपासायला द्या. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, माती मिसळा, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. निकालाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' ही ओळ शोधा. आकडा 0.40 टक्क्यांपर्यंत असेल तर तो कमी समजतात. आपली ठेव किती उरली, ते या आकड्यावरून समजतं.

बैठकीत बोलायचे प्रश्न

1. आपल्या घरचं किती शेण शेतात जातं आणि किती चुलीत? अंदाजे पाट्यांत सांगा.
2. गावाचा माळ खोदायला किंवा दुसऱ्या कामाला द्यायचा विषय ग्रामसभेत आला, तर त्या माळावर कुणाकुणाच्या शेळ्या चरतात याची यादी आपल्याकडे तयार आहे का?
3. काडीकचरा न जाळता कुजवायचा, असं गटातल्या किती जणी या हंगामात ठरवतील? नावं इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या बैठकीत विचारता येईल.