कॅशबॅकचे कार्ड आणि विद्यार्थ्याचा हिशेब

‘पत’ हा शब्द आपल्याकडे बँकांच्या आधीपासून आहे. गावातील किराणा दुकानदार वहीत नाव मांडून उधारी देतो, तो माणूस पाहून देतो. सुगी झाली की खाते मिटते. क्रेडिट कार्ड ही त्याच वहीची यांत्रिक आवृत्ती आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की, येथे वही लिहिणारा आपणांस ओळखत नाही आणि मुदत टळली की गप्प बसत नाही. वसतिगृहात सध्या कॅशबॅक देणाऱ्या कार्डांची चर्चा फार आहे, म्हणून हा हिशेब कागदावर मांडून पाहिला.

खर्चाचा काही अंश परत देण्याची ही युक्ती अमेरिकेत सीअर्स कंपनीच्या डिस्कव्हर कार्डाने १९८६ च्या सुमारास लोकप्रिय केली. मी घरी हे सांगितले तेव्हा वडिलांनी विचारले, “परत देतात म्हणजे आधी जास्त घेतात का?” प्रश्न अगदी मार्मिक आहे. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार प्रत्येक विक्रीमागे बँकेला काही टक्के देतो; त्यातला एक वाटा आपल्याकडे येतो. शिवाय जे बिल थकवितात त्यांच्या व्याजावर बँकेची खरी कमाई होते. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याचा कॅशबॅक काही अंशी थकबाकीदार भरतो!

आता आपला खर्च पाहू. महिना ४,००० रुपये कार्डावर गेले आणि सरसकट १ टक्का परत मिळाला, तर महिन्याला ४० व वर्षाला ४८० रुपये होतात. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये धरले, तर १८ टक्के जीएसटीसह ते ५८९ होते. म्हणजे वर्षभर खर्च करूनही आपण १०९ रुपयांनी खाली! तेव्हा विद्यार्थ्याने शुल्क नसलेलेच कार्ड पाहावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरातीतील ५ टक्के बहुधा ठरावीक संकेतस्थळांपुरते असतात आणि त्यांना मासिक मर्यादा असते. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे पुष्कळदा वगळलेले असतात. आणि आपला मोठा खर्च कोणता? खानावळ. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, परंतु त्यातून व्यक्तीच्या खासगी खात्यावर पैसे जात नाहीत. खानावळीच्या मावशींचा क्यूआर त्यांच्या घरच्या खात्याचा असेल, तर कार्ड तेथे निरुपयोगी.

खरा धोका ‘किमान देय रक्कम’ या निरुपद्रवी शब्दांत आहे. ४,००० च्या बिलापैकी २०० भरले की काम भागले असे वाटते. परंतु महिना साडेतीन टक्के दराने उरलेल्या ३,८०० वर १३३ रुपये व्याज, जीएसटी धरून सुमारे १५७. चार महिन्यांचा कॅशबॅक एका महिन्यात गेला. प्रत्यक्षात आकडा याहून वाढतो, कारण पूर्ण बिल न भरल्यास बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. शेकडा साडेतीन रुपये महिना हा दर ऐकून वडील म्हणाले, “हा तर सावकारी भाव!” (कार्डाने एटीएममधून रोख काढणे तर मुळीच नको, तेथे शुल्कही लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून.)

उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याला बँका बहुधा मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड देतात. ठेवीवर व्याज चालू राहते. मात्र बिल थकले तर बँक ठेवीतून वसुली करते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी ठेव म्हणजे एका हंगामाची शिल्लक असते, हे विसरता येत नाही. दुसरी बाजूही आहे. वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे जाते, तेथे ३०० ते ९०० असे गुण मिळतात, आणि पुढे कर्ज मागताना बँक ते पाहते. घरात बँकेत पत असलेले कोणीच नसेल, तर माझ्या मते ही नोंद कॅशबॅकपेक्षा मोलाची आहे. उशिराची नोंदही तितक्याच इमानाने होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास मनाई केली आणि थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करण्यास सांगितले. मी शिष्यवृत्तीतून उरलेल्या ५,००० रुपयांच्या ठेवीवर बिनशुल्क कार्ड घेण्याचे ठरविले आहे. त्यावर फक्त मोबाइलचे रिचार्ज आणि पुस्तके घेईन, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना पहिल्याच दिवशी देईन. वडिलांच्या ठेवीला हात लावणार नाही.