एक संसार, दोन पासपोर्ट

पुणे

चि. सौ. चिऊ हिस,


परवा फोनवर म्हणालीस की दोन वर्षांनी दोघंही निवृत्त होताय, न्यू जर्सीचं घर विकून पुण्याला यायचं ठरतंय, तेव्हा मामानं बाणेरला फ्लॅट बघून ठेवावा. फ्लॅट जरूर बघतो. पण लोकांचे कराचे कागद बघण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तुमच्यासारखी जोडपी माझ्याकडे येतात ती बहुधा घर विकून झाल्यावर. तू आधी विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

लग्नानं संसार एक होतो, पण कायदा तुम्हां दोघांना एक धरत नाही. तो प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा बघतो, प्रत्येकाचे दिवस वेगळे मोजतो आणि मालमत्ता कुणाच्या नावावर आहे ते विचारतो. म्हणून प्रत्येक निर्णयाला दोन प्रश्न लावायचे. आज दोघांचं काय होईल? आणि उद्या मागे राहील त्याचं काय होईल? दुसरा प्रश्न जिभेवर यायला जड आहे, तरी तो आधी विचारा.

आधी जावईबापूंचा, म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाल्याचा, मुक्काम. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या (म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असं कार्ड असलेल्याच्या) परदेशी जोडीदाराला, लग्न नोंदलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर ओसीआय कार्ड मिळू शकतं. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मला सांगायला नको. त्या कार्डावर त्यांना इथे हवं तितकं राहता येईल, फ्लॅट घेता येईल. मतदान करता येणार नाही. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येणार नाही. आणखी एक लक्षात ठेव. हे कार्ड लग्नाच्या आधारावर मिळतं, म्हणून नवा पासपोर्ट काढला की लग्न कायम असल्याचं लिहून द्यावं लागतं.

आता तुझं. तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आहे. ग्रीन कार्ड कायम तिथे राहणाऱ्यासाठी असतं. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचं तर आधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, तेही साधारण दोन वर्षांचंच. म्हणजे पुण्यात स्थायिक झालीस की आज ना उद्या ते सोडावं लागणार. आणि सोडणंही साधं नाही. गेल्या १५ वर्षांपैकी ८ वर्षं ज्याच्याकडे ते होतं आणि ज्याची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त आहे, त्याची सगळी मालमत्ता कार्ड सोडण्याच्या आदल्या दिवशी विकली असं मानून अमेरिका कर लावू शकते. इथला फ्लॅटसुद्धा त्या २० लाखांत मोजतात.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. देव करो आणि जावईबापूंना दीर्घायुष्य लाभो, पण ते आधी गेले आणि त्यांचे अमेरिकन शेअर तुझ्या नावावर आले, तर? तू तेव्हा ना तिथली नागरिक, ना तिथली रहिवासी. तुझ्यामागे ते मुलांकडे जाताना अमेरिकेचा वारसा कर फक्त ६०,००० डॉलरच्या वर सुरू होईल, आणि तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. नागरिकाला २०२६ मध्ये हीच सूट दीड कोटी डॉलरची आहे. भारतात मृत्युकर १९८५ पासून नाही, पण या बाबतीत दोन देशांत करारही नाही; त्यामुळे तो भार मुलांवर पडेल.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुलं तिथे, नातवंडं तिथे. उद्या एकटी पडलीस आणि त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, तर तुला व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागू नये. घर विकण्याआधी, तिथे राहत असतानाच, अमेरिकन नागरिकत्व घे आणि मग इथलं ओसीआय काढ. भारतीय पासपोर्ट सोडताना तुझा जीव तुटेल, हे मी जाणतो. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्याला इलाज नाही. वाईच्या शेतातला तुझा वाटा वारशानं तुला मिळेल. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येणार नाही. आणि अमेरिकेला जगभरच्या उत्पन्नाचं विवरणपत्र जन्मभर भरावं लागेल. ही किंमत आहे, आणि ती समजून-उमजून दे.

आता दिवसांचा हिशेब. इथे आर्थिक वर्षात १८२ दिवस राहिलं की माणूस करासाठी निवासी होतो. नुसतं भेटीला येणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसालाही हीच मर्यादा आहे, मात्र इथलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं तर ती १२० दिवसांवर येते. जावईबापू भारतीय वंशाचे नसल्यानं त्यांना ही सवलत नाही. आधीच्या चार वर्षांत त्यांचे इथले ३६५ दिवस भरले असतील, तर त्यांना ६० दिवसही पुरतात. दोघं एकाच विमानानं आलात तरी मोजणी वेगळी! म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा दोघांच्याही लिहून ठेव.

इतकी वर्षं बाहेर राहून परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुम्ही 'आरएनओआर', म्हणजे 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही', असाल. त्या काळात परदेशी उत्पन्नावर इथे कर नाही, पण ते पैसे आधी अमेरिकेतल्या खात्यात जमा व्हायला हवेत, मग इकडे आणा. मोठे व्यवहार याच मुदतीत उरका. ती संपल्यावर परदेशी मालमत्ता इथल्या विवरणपत्रात दाखवली नाही, तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ४०१-के आणि आयआरए या तिथल्या निवृत्ती खात्यांवर पैसे काढतानाच कर बसावा, यासाठी २०२१ पासून तरतूद आहे. त्यासाठीचा अर्ज वेळेत भरा. तिथल्या सोशल सिक्युरिटी पेन्शनवर दोन देशांतल्या प्राप्तिकर करारानुसार फक्त अमेरिका कर घेते.

इथल्या बँकवाल्यानं आग्रह केला म्हणून म्युच्युअल फंड घेऊ नका. अमेरिकेचा कर अशा फंडांवर फार कडक आहे. इथल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली, तर तिकडे कळवावं लागतं.

मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा इथल्या इस्पितळाचं बिल देत नाही. तरी भाग 'बी' सोडण्याआधी विचार करा. मागाहून घेताना उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला हप्ता १० टक्क्यांनी वाढतो. इथला आरोग्य विमा पासष्टीच्या आधीच बघा.

दोन्ही देशांत वेगवेगळी मृत्युपत्रं करा, पण एकानं दुसरं रद्द होणार नाही, हे दोन्ही वकिलांना लिहून द्यायला सांगा. प्रत्येक खात्यावरचं नामनिर्देशन तपासा.

हे पत्र जावईबापूंना वाचून दाखव. मग दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून एका प्रश्नाचं उत्तर लिहा: मी एकटा राहिलो किंवा एकटी राहिले, तर मला कुठे राहायचं आहे? उत्तरं जुळली तर फार बरं. नाही जुळली, तर ते आताच कळलेलं बरं. ती उत्तरं मला पाठव. नागरिकत्व, घर, खाती यांतलं आधी काय आणि मागून काय, ते त्यावरून ठरवू आणि अमेरिकेतल्या कर सल्लागाराला तेच सांगू.

तुझा,
मामा