छायाचित्रातील ही माणसे कोण?

उत्तर अमेरिकेत मिसुरी नदीच्या पश्चिमेस विस्तीर्ण गवताळ मैदाने पसरलेली आहेत. तेथे लाकोटा नावाचे लोक राहतात. ‘सू’ या नावानेही ते ओळखले जातात. पूर्वी रानगव्यांच्या प्रचंड कळपांमागून ते घोड्यांवरून संचार करीत आणि कातड्याच्या तंबूंत राहत. या लोकांनी व त्यांच्या मित्रांनी १८७६ च्या जून महिन्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी सेनाधिकारी कस्टर याच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईतील एक अग्रगण्य वीर म्हणजे ताशुंके वित्को. इंग्रजीत त्याला ‘क्रेझी हॉर्स’ म्हणतात. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात फोर्ट रॉबिन्सन येथे त्याला कैद करीत असता झटापट झाली आणि संगिनीच्या घावाने तो मरण पावला.

हा वीर दिसायला कसा होता, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. त्याच्या काळचा माखपिया लुता, म्हणजे ‘रेड क्लाउड’, अनेकदा छायाचित्रकारांपुढे बसला. तातांका इयोताके, म्हणजे ‘सिटिंग बुल’, याचे १८८५ साली माँट्रिऑल शहरी नॉटमन या छायाचित्रकाराने काढलेले चित्र तर प्रसिद्धच आहे. परंतु ताशुंके वित्को याचे सर्वांना मान्य होईल असे एकही छायाचित्र उपलब्ध नाही.

एक चित्र त्याचे म्हणून दाखविले जाते खरे. ते ‘टिनटाइप’ पद्धतीचे आहे. टिन म्हणजे कथील. पण या चित्राचा पत्रा असतो लोखंडाचा! चित्रात एक तरुण रंगविलेल्या पडद्यापुढे उभा आहे व त्याच्या छातीवर नळीदार मण्यांचे रुंद कवच आहे. अनेक अभ्यासकांना ही ओळख मान्य नाही. तसा पडदा १८७७ साली त्या दूरच्या ठाण्यावर होता काय, अशी शंका ते घेतात. तसले रुंद कवच पुढच्या काळात अधिक प्रचारात आले, असेही ते म्हणतात. शिवाय ताशुंके वित्को याला १८७० च्या सुमारास एकाने पिस्तुलाची गोळी मारली होती व तिचा व्रण त्याच्या चेहऱ्यावर राहिला होता. तेव्हा चित्रात तो व्रण शोधणे ओघानेच आले. येथेही सावध राहावे लागते. टिनटाइपमध्ये आरशातल्याप्रमाणे डावे ते उजवे होते. व्रण डाव्या गालावर असला, तर चित्रात तो उजव्या गालावर दिसावयास हवा. ही एक गोष्ट ध्यानात न राहिल्यामुळे भली भली माणसे फसतात.

चेहऱ्यावरून माणूस ओळखणे सोपे, असे आपणांस वाटते. जाणता अभ्यासक मात्र चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. तो प्रथम चित्र उलटे करतो. जाड पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचे नाव व गाव छापलेले असते. तो छायाचित्रकार त्या गावी कोणत्या वर्षी होता हे कळले, की चित्राचा काळ ठरतो. मग तो मागचा पडदा, सतरंजी, खुर्ची पाहतो. तीच खुर्ची दुसऱ्या एखाद्या चित्रात दिसली व त्या चित्राची तारीख ठाऊक असली, तर मोठाच धागा हाती लागतो. पोशाखावर मात्र फार विसंबू नये. काही छायाचित्रकार पिसांचे टोप आणि झालरीचे अंगरखे आपल्याजवळ बाळगीत व येईल त्याच्या अंगावर चढवीत. त्यामुळे निरनिराळ्या माणसांच्या अंगी एकच अंगरखा दिसतो.

नावांचा घोळ तर याहून मोठा. लाकोटा लोकांत पित्याचे नाव पुत्राला देण्याची चाल होती. ताशुंके वित्को हे आधी त्याच्या पित्याचेच नाव होते. ते मुलाला देऊन पित्याने स्वतः दुसरे नाव घेतले. ‘अमेरिकन हॉर्स’ या नावाचे दोन नायक होऊन गेले. थोरला १८७६ साली स्लिम ब्यूट्स येथील लढाईत पडला. धाकटा १९०८ पर्यंत जगला. म्हणून १८८० नंतरच्या चित्राखाली हे नाव असले, तर तो थोरला असूच शकत नाही. भाषांतरानेही गोंधळ वाढविला. ताशुंके कोकिपापि या नावाचा आशय असा, की ज्याच्या घोड्यांनाही शत्रू भितात. दुभाष्यांनी त्याचे ‘स्वतःच्या घोड्यांना भिणारा मनुष्य’ असे करून टाकले! शूराच्या नावाची अशी विटंबना क्वचितच झाली असेल.

पुढाऱ्यांची नावे निदान लिहिली तरी गेली. स्त्रियांच्या चित्रांखाली पुष्कळदा ‘अमक्याची बायको’ एवढेच असे. सिटिंग बुल सहकुटुंब फोर्ट रँडल येथे कैदेत असताना, १८८२ साली, त्या कुटुंबाची छायाचित्रे घेण्यात आली. त्याच्या दोन बायका सख्ख्या बहिणी होत्या: ‘फोर रोब्ज’ आणि ‘सीन बाय हर नेशन’. अशी नावे जुळविण्यास शिरगणतीच्या याद्या उपयोगी पडतात. १८८५ पासून सरकार दर वर्षी अशी यादी करवीत असे व तीत नाव, वय व नाते लिहिले जाई. १८८५ च्या यादीत दोन वर्षांची असलेली मुलगी १८८९ च्या चित्रात दहा वर्षांची दिसणार नाही, हे तुम्हीही सांगू शकाल. आणि याद्या थकतात तेथे घरातील म्हाताऱ्या माणसांची आठवण कामी येते. आजीच्या बहिणीची बसण्याची ढब नातवंडांना जशी ओळखू येते, तशी ती परक्याला कोठून येणार?

सर्वांत अवघड काम मुलांच्या चित्रांचे. १८७९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे एक निवासी शाळा निघाली. पहिल्या तुकडीतली पुष्कळ मुले लाकोटा होती. तेथे त्यांचे केस कापले, भाषा बंद केली व नावेही बदलली. ओटा क्ते नावाच्या मुलाला फळ्यावर लिहिलेल्या नावांपैकी एकावर काठी ठेवावयास सांगितले. ती अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. त्याने काठी टेकली आणि तो ‘ल्यूथर’ झाला. मोठेपणी लिहिलेल्या पुस्तकात त्याने ही हकिकत सांगितली आहे. चोट नावाचा छायाचित्रकार तेथे मुलांची चित्रे घेई: एक आल्याबरोबर, दुसरे केस कापल्यावर. ही दोन चित्रे एकाच मुलाची आहेत हे आज ताडून पाहावे लागते. कारण नाव वेगळे, पोशाख वेगळा आणि चेहऱ्यावरचा भावही वेगळा.

त्या शाळेत अनेक मुले आजाराने दगावली व तेथेच पुरली गेली. त्यांपैकी नऊ लाकोटा मुलांचे अवशेष २०२१ साली त्यांच्या लोकांनी रोझबड येथे परत नेले. काही थडग्यांच्या दगडांवर मात्र नावाच्या जागी ‘अज्ञात’ एवढाच शब्द कोरला गेला. चोटच्या चित्रांतील कोणता चेहरा त्या दगडांखालच्या मुलाचा असेल, याचा शोध याद्या व चित्रे शेजारी ठेवूनच घ्यावा लागतो.