फॉरमॅट मारायच्या आधी

अगं, एक्सेल सारखं बंद पडतंय म्हणजे मीच काहीतरी चुकीचं दाबत असेन, हे आधी मनातून काढून टाक. एखादं बटण चुकून दाबलं गेलं म्हणून एक्सेल रोज उठून असं धाडकन बंद पडत नसतं. गटाचा हिशोब, वर ग्रामसंघाचा, हे सगळं तू घर सांभाळून करतेस. बचत गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड आणि पाचवं हिशोबाचं लेखन. बँक गटाला कर्ज देताना हेच तर बघते. एवढी मोठी जबाबदारी पेलणाऱ्या बाईनं एका अडलेल्या कॉम्प्युटरपायी स्वतःला कमी लेखायचं नाही. कंधार, लोहा, मुखेडकडच्या कितीतरी मुलींनी एमएस-सीआयटी केलंय. बेरीज-सरासरी त्या तिथं शिकल्या, पण बंद पडलेलं एक्सेल पुन्हा उभं कसं करायचं हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून मी सांगते.

दुरुस्तीवाल्याकडे सीपीयू नेलास की तो बहुधा म्हणेल, "मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल." लगेच मान हलवू नकोस. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. बिघाड तुझ्या फाइलमध्ये असेल तर नव्या विंडोजवरही ती फाइल तशीच पडणार. आणि फाइल आधी काढून ठेवलेली नसेल तर बायकांच्या बचतीचा हिशोब गेलाच म्हणून समज. म्हणून सगळ्यात आधी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाक आणि एक स्वतःलाच ईमेल कर. काम करायची फाइल मात्र कॉम्प्युटरवरच असू दे. पेनड्राइव्हवरून थेट उघडून काम करतेस आणि कुणीतरी तो मध्येच ओढून काढतं, अशानं चांगली फाइल खराब होते.

आता मला सांग, बंद नेमकं काय पडतं? नुसतं एक्सेल की अख्खा कॉम्प्युटर? अख्खा कॉम्प्युटरच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर एक्सेलच्या मागे लागू नकोस. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यात तुझी ती पत्र्याची खोली. सीपीयूच्या पंख्यावर धूळ साचली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद होतं. वायर काढ, झाकण उघड, मऊ ब्रशनं धूळ काढ. ब्रश फिरवताना पंखा बोटानं धरून ठेव. सीपीयू भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, आणि त्याच्यावर कपडाही झाकू नकोस. लाइटचं तर तुला ठाऊकच आहे. यूपीएसची बॅटरी बसली असेल तर लाइट गेल्या क्षणी मशीन बंद होणार आणि नेमकी सेव्ह होत असलेली फाइल अर्धवट राहणार. माझं ऐक, नवा की-बोर्ड, नवा माउस राहू दे, आधी बॅटरी बदल.

नुसतं एक्सेलच बंद पडत असेल तर एक कोरी फाइल उघड आणि तिच्यात थोडा वेळ काम कर. कोरी फाइल नीट चालली आणि हिशोबाची पडली, तर दोष फाइलमध्ये. कोरीसुद्धा पडली तर दोष एक्सेलमध्ये किंवा त्याला चिकटलेल्या कशात तरी.

फाइलचा दोष मी बऱ्याच गटांच्या हिशोबांत बघितलाय, त्यामुळे तो जरा सविस्तर सांगते. हिशोबाची शीट उघड आणि कंट्रोल धरून एंड दाब. तुझ्या नोंदी तीनशे ओळींत संपत असतील तर कर्सर तिथंच कुठंतरी जायला हवा. पण तो थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर गेला, तर रोग सापडला. एक्सेलच्या शीटमध्ये तेवढ्याच ओळी असतात. कधीतरी कुणीतरी नोंदींपासून थेट तळापर्यंतच्या ओळी निवडून रंग भरलेला असतो, रेघा मारलेल्या असतात किंवा सूत्र तळापर्यंत ओढलेलं असतं. डोळ्यांना शीट रिकामी दिसते, पण एक्सेल त्या लाखो ओळींचं ओझं मेमरीत वाहत असतं. उजवीकडची सरकपट्टी मोहरीएवढी बारीक झालेली दिसते, ती त्याचीच खूण. मग काय करायचं? शेवटच्या नोंदीच्या खालची ओळ निवड, कंट्रोल आणि शिफ्ट धरून खालचा बाण दाबत तळापर्यंत जा, उजवं बटण दाबून 'डिलीट' कर. नुसतं डिलीटचं बटण दाबलंस तर आकडे जातील, पण रंग-रेघा तशाच राहतील. मग सेव्ह करून फाइल बंद कर, पुन्हा उघड. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर नाही. सगळ्या वर्षांच्या शीट एकाच फाइलमध्ये असतील तर दर आर्थिक वर्षाची फाइल वेगळी कर, उघडायलाही हलकी पडते.

फाइल उघडायलाच तयार नसेल तर एक्सेल सुरू करून 'ओपन'मध्ये जा, ती फाइल नुसती निवड, आणि ओपन बटणाच्या बाजूच्या छोट्या बाणावर क्लिक कर. तिथं 'ओपन अँड रिपेअर' आहे. बऱ्याचदा निदान आकडे तरी परत मिळतात.

दोष एक्सेलमध्येच निघाला तर कंट्रोल धरून एक्सेलच्या चित्रावर क्लिक कर. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असं विचारेल. हो म्हण. सेफ मोडमध्ये नीट चाललं की समजायचं, एखादं ॲड-इन त्रास देतंय. ऑप्शन्समध्ये ॲड-इन्स आहेत, एकेक बंद करून बघ. प्रिंटरकडेही लक्ष दे, इकडं कुणाचं लक्षच जात नाही. पानाची मांडणी ठरवायला एक्सेल डिफॉल्ट प्रिंटरला विचारतं. तो प्रिंटर जुना, कधीच काढून टाकलेला किंवा नेटवर्कवरचा असला की एक्सेल त्याची वाट बघत अडकून पडतं. सेटिंगमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करून बघ. तरीही फरक पडला नाही तर कंट्रोल पॅनेलमध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नावावर 'चेंज' दाबलं की 'रिपेअर' मिळतं. त्यानं तुझ्या फाइलला धक्का लागत नाही.

आणखी एक जागा दाखवते, दुरुस्तीवाल्यांपैकीही फार थोडे ती उघडून बघतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. कॅलेंडरसारखी पट्टी दिसेल. ज्या दिवशी काही बंद पडलं, त्या दिवसाखाली तांबडी फुली असते. फुलीवर क्लिक करून तपशील उघड आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम'पुढचं नाव वहीत उतरवून घे. प्रिंटरच्या किंवा कुठल्या ॲड-इनच्या फाइलचं नाव तिथं निघालं तर अर्धं काम झालंच.

तुझं ऑफिस दुकानातून कुणी फुकट टाकून दिलेलं असेल तर ते काढून टाक, हे मी मोठी बहीण म्हणून सांगते. कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून काय आत आलंय ते कळत नाही, अपडेटही नीट होत नाहीत. विकतचं असलं तरी २०१६ आणि २०१९ च्या ऑफिसला आणि विंडोज १० लाही कंपनीनं मोफत अपडेट द्यायची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नवं घेण्याइतके पैसे आत्ता नसतील तर लिब्रेऑफिस आहे. ते पूर्ण मोफत आणि रीतसर आहे, एक्सेलच्या फाइली उघडतं, त्याचे मेनू मराठीतही करता येतात. गटाच्या हिशोबाला त्यातलं कॅल्क पुरेसं आहे.

ऑप्शन्सच्या 'सेव्ह'मध्ये ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवर असतं, ते दोनवर आण. आणि एक्सेल पडल्यावर पुन्हा उघडलंस की डावीकडं 'डॉक्युमेंट रिकव्हरी'ची पट्टी येते, ती घाईघाईत बंद करत जाऊ नकोस. त्यातच तुझ्या शेवटच्या नोंदी असतात. आधी ती फाइल उघडून वेगळ्या नावानं सेव्ह कर.

एवढं सगळं करूनही पडलंच तर खुशाल दुरुस्तीला ने. पण त्याला नुसतं "चालत नाही" सांगू नकोस. कोरी फाइल चालते की नाही, सेफ मोडमध्ये काय होतं, वहीत कुठलं नाव उतरवलंय, हे सांग. मग तोही फॉरमॅटच्या आधी विचार करेल. आणि सीपीयू हातातून सोडण्याआधी पेनड्राइव्हवरची प्रत शेजारच्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून, शेवटच्या महिन्याची बेरीज जुळते का ते बघच.