बॅटरी काढली की रिमॅप जातो का?

प्रश्न : माझ्या सेकंडहँड स्कोडा ऑक्टाविया आरएसचं इंजिन आधीच्या मालकाने रिमॅप करून घेतलं आहे. मला कंपनीचं मूळ सेटिंग हवंय. रात्रभर बॅटरीची वायर काढून ठेवली तर भागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही भागणार, पण काळजी नको, गाडी पूर्ववत करता येते. बॅटरी काढल्याने फार तर इंजिनाने चालता चालता शिकलेल्या बारीक दुरुस्त्या पुसल्या जातात. रिमॅप म्हणजे बदललेलं सॉफ्टवेअर; ते ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, फ्लॅश मेमरीत असतं आणि ती विजेविनाही शाबूत राहते.

काम कुणी केलं, ते आधीच्या मालकाला विचारा. चांगला ट्यूनर मूळ फाइल जपून ठेवतो. तीच परत चढवणं सर्वांत सोपं. काही ट्यूनर ईसीयू लॉक करतात, म्हणूनही तोच गाठलेला बरा. तो सापडला नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करा.

एक मात्र कळकळीने सांगतो : इंजेक्टर किंवा डाउनपाइप बदलले असतील, तर आधी मूळ भाग बसवा. मोठ्या इंजेक्टरवर मूळ मॅप चालवला की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. फ्लॅशिंगच्या, म्हणजे फाइल चढवण्याच्या, वेळी बॅटरीला चार्जर जोडायला लावा. मध्येच व्होल्टेज घसरलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो. मूळ फाइल चढवल्यावरही रिमॅपच्या खुणा राहू शकतात, तेव्हा वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरपासून काही लपवू नका.